गट क्रमांक अकरा

मैत्री ही माणसाची मूलभूत गरज असून आमच्या अभ्यासक्रमात तिला आठ गुण आहेत. एकाकीपणालाही आठच आहेत, पण तो मुलांना लिहायला सोपा जातो, असा भाषाशिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

नववीला यंदा एक किशोर-कादंबरी लावली आहे. (लावली म्हणजे वरून लावली. मला विचारलं असतं तर पातळ लावली असती.) तिची नायिका नव्या शाळेत येते, तिच्याशी कोणी बोलत नाही, आणि मधल्या सुट्टीत ती जिन्यावर बसून एकटीच डबा खाते. दोनशे पानं ती डबाच खाते. शेवटच्या प्रकरणात एक मुलगी येऊन शेजारी बसते आणि पुस्तक संपतं. ते प्रकरण मी वर्गात मोठ्याने वाचलं तेव्हा पुढच्या बाकांवर हुंदके, मधल्या बाकांवर सुस्कारे आणि मागच्या बाकांवर शांतता, अशी परिस्थिती होती. मागच्या बाकांवर शांतता ही काय चीज आहे, ते शिकवणाऱ्यालाच कळेल.

पुस्तकावर प्रकल्प होता, ‘मैत्रीचे महत्त्व’. गट चौघांचे. विषयच मैत्री असल्यामुळे गट मुलांनी आपापल्या मैत्रीनुसार पाडावेत, असं मी जाहीर केलं. वर्गात मुलं एक्केचाळीस. दहा गट चुटकीसरशी पडले आणि एक मुलगी उरली. ती यंदाच दुसऱ्या शाळेतून आली आहे. सहा महिने झाले तरी मुलं तिला ‘नवीन’च म्हणतात. (नवेपणा टिकाऊ आहे, असं शिपाईमामांचं मत.)

ती टेबलापाशी आली. “सर, मला कुठल्याही गटात घाला ना. पाच जण चालतील की.”

“बाळ, चारच्या वर गेलं की मैत्री पातळ होते,” मी म्हणालो. (हे मी तिथल्या तिथे रचलं, पण पटलं. मलासुद्धा.)

“मी काही बोलणार नाही, सर. नुसती बसेन.”

आता मी काही दगडाच्या काळजाचा नाही. तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्यांनी नियम चाळले, चष्मा पुसला, आणि गट कमीत कमी किती जणांचा असावा हे कुठेच लिहिलेलं नाही, असं माझ्या निदर्शनास आणून दिलं. झालं, प्रश्न मिटला. ‘नवीन’चा अकरावा गट मंजूर झाला. गटप्रमुख ती, सचिव ती, रंगीत कागद आणणारी ती, आणि ऐन वेळी काहीच न करणारा जो एक सदस्य प्रत्येक गटात असतो, तोही तीच. त्या आठवड्यात इतर दहा गटांत मिळून सात भांडणं, दोन अबोले आणि एक फाडलेला तक्ता एवढं झालं. अकराव्या गटात चकार शब्दाचा वाद नाही. मैत्रीच्या बाबतीत तो गट कितीतरी पुढे होता म्हणायचा.

पहिला गट तर झपाटल्यासारखा कामाला लागला. कुणाच्या तरी काकांचा कॅमेरा मिळवून पोरी मधल्या सुट्टीत मागच्या जिन्याकडे गेल्या. तिथे ‘नवीन’ डबा खात बसली होती. (ती रोजच बसते. माझी देखरेख तिथेच असते, म्हणून माहीत.)

गटप्रमुख मुलगी मोठी गुणी. तिने अगदी गोड शब्दांत विचारलं, “ए, जरा उठतेस का? आम्हाला जिना रिकामा हवाय. फोटोत एकटं एकटं वाटलं पाहिजे.”

‘नवीन’ने डबा झाकला. “मी बसले तर? पुस्तकातल्यासारखी?”

मुलींनी आपसात विचारविनिमय केला. “नको गं. तू असलीस की तसं वाटत नाही.”

ती उठून गेली. फोटो अप्रतिम आला. रिकाम्या पायऱ्या, त्यांवर तिरपं ऊन. खरं सांगतो, बघून मला गलबलून आलं. पहिलं बक्षीस अर्थातच त्याला.

अकराव्या गटाने एकच पान दिलं. “शेवटी ती मुलगी शेजारी येऊन बसते, पण ती का आली ते पुस्तकात नाही. ते लिहायला हवं होतं. म्हणजे आमच्या गटालाही तसं काही करून बघता आलं असतं.” प्रश्न मैत्रीच्या महत्त्वाचा होता, कारणांचा नव्हता, त्यामुळे तीन गुण कापावे लागले. सहकार्याचे मात्र पूर्ण दिले.

पुढच्या प्रकल्पाला मी “गट पाडा” म्हटलं, तर ‘नवीन’ जागची हललीसुद्धा नाही. तिने आपली आपणच वही उघडली आणि वर ‘गट अकरा’ असं लिहिलं. मी हे शिक्षकसभेत सांगितलं, तेव्हा या स्वावलंबनाबद्दल टाळ्या पडल्या, आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक वर्गात असा एक गट ठेवायचं ठरलं.

वाचता वाचता तुमच्याही पोटात कालवलं असेल, तर ते योग्यच आहे, त्याचे दोन गुण धरा. मघाशी घरातलं कुणीतरी दाराशी येऊन “काय वाचताय?” असं विचारून गेलं, आणि तुम्ही मान वर न करताच “काही नाही” म्हणालात, त्याचे मी कापणार नाही. एकाकीपणावरचं काही मन लावून वाचत असताना कुणी बोलायला आलं, की लिंक तुटते हो.