न बसलेला धक्का

अंतिम सामन्यात रणगाडाने आपल्याच शाळेचा रोबो ढकलून मैदानाबाहेर पाडला आणि त्याबद्दल पिवळं कार्ड समोरच्या शाळेला मिळालं. असा कुठलाही सामना झालेला नाही, असं आयोजन समितीने दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्यासह कळवलं. समितीत मोठी माणसं असतात. त्यांच्या शब्दाला मान देऊन आपणही तो झाला नाही असंच धरू आणि आधी काय झालं ते बघू.

रणगाडा म्हणजे आठवीतली एक मुलगी. वजन चौतीस किलो, चष्म्यासकट. एरवी वाटेत मुंगी दिसली तर ही बाजूला होते, पण रोबोचा रिमोट हातात आला की समोर कोण आहे ते तिला दिसत नाही. खेळ तसा साधा होता. मोठ्या टेबलाएवढं मैदान, दोन रोबो आणि एकोणीस चेंडू. अडीच मिनिटांत ज्यांच्या टोपलीत जास्त चेंडू ते जिंकले. ढकलाढकली केली तर पिवळं कार्ड, आणि दुसरं कार्ड मिळालं की संघ घरी.

पहिलं कार्ड तिने उपांत्य सामन्यातच मिळवलं. पंच एरवी दातांचे डॉक्टर होते. "जरासं दुखेल हं," अशा चेहऱ्याने त्यांनी ते दाखवलं.

"तू त्याला कोपऱ्यात दाबून धरलंस."

"तो आधीच कोपऱ्यात होता, सर. मी फक्त सोबत केली."

विज्ञानाच्या बाईंनी तिला व्हरांड्यात घेतलं. कार्ड नावावर असेपर्यंत रिमोट मिळणार नाही, अंतिम सामना कलम चालवेल, असं सांगून त्या चहाला गेल्या.

कलम हा संघातला नियमांचा माणूस. चौसष्ट पानी नियमपुस्तिका त्याला तोंडपाठ होती. रोबो चालवताना मात्र तो प्रत्येक वळणाला थांबून दोन्ही बाजूंना बघायचा. सरावात त्याने एकूण एकच चेंडू टोपलीत टाकला होता, आणि तोही घरंगळत आपणहून गेला होता. तीन महिने शाळा सुटल्यावर थांबून बांधलेला रोबो याच्या हातात जाणार, या विचाराने रणगाडाचा चष्मा धुरकटला.

"रडू नकोस गं. मला कुठे हवाय तो रिमोट," कलम म्हणाला आणि त्याने एकतिसावं कलम काढलं. प्रतिस्पर्ध्याला सुटा भाग उसना दिला की खिलाडूवृत्तीचा एक गुण मिळतो. दहा गुणांना एक पिवळं कार्ड माफ.

रणगाडा चाक घेऊन समोरच्या शाळेच्या टेबलाशी गेली. तिथल्या कप्तानाला सगळे सौजन्य म्हणायचे. उंच, सडसडीत मुलगा. दाराला धक्का लागला तर दाराला सॉरी म्हणायचा.

"चाक हवंय?"

"आमची चार आहेत."

"पाचवं घे की."

मागून कलमने बत्तिसावं कलम वाचून दाखवलं. देऊ केलेली मदत नाकारल्यास एक गुण वजा. सौजन्याने निमूटपणे ते चाक बसवलं आणि स्वतःचं काढून तिच्या हातात ठेवलं. रिकाम्या हाताने कशी जाशील, म्हणाला. गुण त्यालाही हवेच होते.

मग बॅटरी गेली, बॅटरी आली. मोटर गेली, मोटर आली. चेंडू पकडायच्या चिमट्यांचीही अदलाबदल झाली. नोंदी ठेवणाऱ्या ताईंचं पेन संपलं, तर रणगाडा त्यांनाही पेन द्यायला धावली. त्याचा गुण मिळाला नाही. बाईंनी लांबून हे बंधुप्रेम पाहून फोटो काढला. नऊ गुण झाले तेव्हा रोबोंवर स्वतःच्या अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या. बाहेर शाळेचा स्टिकर आणि आत मेंदू, म्हणजे ज्याच्याशी रिमोट जोडलेला असतो तो बोर्ड. रिमोट आपल्याच बोर्डाला हलवतो हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दहावा गुण समोर दिसत असताना असल्या गोष्टी आठवत नाहीत.

कार्ड माफ झालं, रिमोट परत मिळाला, शिट्टी वाजली. रणगाडाने दांडी पुढे केली. तिचा रोबो जागचा हलला नाही. समोरचा मात्र सुसाट निघाला.

"कलम, मी त्यांचा रोबो चालवतेय."

कलमने चौसष्ट पानं मनातल्या मनात उलटली. "याबद्दल काही लिहिलेलं नाही. टोपली आपलीच आहे ना? टाक."

तिकडे सौजन्यही तेच करत होता. नऊ-नऊ झाले, एक चेंडू उरला. रणगाडाच्या शाळेचा स्टिकर लावलेला रोबो त्या चेंडूपाशी पोहोचला आणि सौजन्याने तो थांबवला. आधी तुम्ही, अशा अर्थाने. रणगाडाला सवयीप्रमाणे काहीच दिसलं नाही. धक्का असा बसला की स्टिकरसकट रोबो कड ओलांडून थेट पंचांच्या खुर्चीखाली गेला, आणि चेंडू टोपलीत.

पंचांनी मैदानावर उरलेल्या रोबोचा स्टिकर वाचला आणि कार्ड सौजन्यापुढे धरलं. सौजन्य सवयीने "सॉरी" म्हणाला. गुन्हा कबूल झाला.

"सर, मी ढकललं," रणगाडा म्हणाली.

पंचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रतिस्पर्ध्याला वाचवतेस, बाळा?" असं म्हणून त्यांनी तिला खिलाडूवृत्तीचा अकरावा गुण दिला.

पुढे रोबो उघडल्यावर कुणाचा कुठला ते समितीला ठरवता येईना, म्हणून सामना झालाच नाही असं ठरलं आणि करंडक सहा-सहा महिने वाटून दिला. रिमोट रणगाडाकडेच राहिला. सगळं कसं गोड झालं होतं.

सुटे भाग परत करायला सौजन्य आला तेव्हा ते कार्ड त्याच्या खिशाला टाचणीने लावलेलं होतं. त्याने चाक दिलं, बॅटरी दिली, बोर्ड दिला. रणगाडाची नजर खिशावरून हलेना.

"तेवढं राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "पाचवीची पोरं जिन्यात मला वाट देतात गं. मला पहिल्यांदाच कुणीतरी घाबरतंय."

रणगाडाने राहू दिलं. मग घरी जाऊन कलमला बोलावलं आणि अर्ज लिहायला बसली.

"मा. अध्यक्ष, आयोजन समिती यांस. विनंती अर्ज करते की, न झालेल्या अंतिम सामन्यात न बसलेला धक्का अर्जदाराने स्वतः दिला होता व तो तिच्या आजवरच्या धक्क्यांत सर्वोत्तम होता. त्याबद्दलचे मूळ पिवळे कार्ड सध्याच्या धारकाकडेच राहू द्यावे, त्याला त्याची गरज आहे. तरी सदर कार्डाची एक सत्यप्रत, पंचांच्या सहीनिशी, अर्जदारास देण्यात यावी, ही नम्र विनंती."