सामेलसाबांचा रविवार

रविवारी कंधारच्या तहसील कचेरीत सामेलसाब नाकावरची माशीसुद्धा हाकलत नसत. माशी बसायची, नाकाच्या शेंड्यावर फेरफटका मारायची, आणि सामेलसाब डोळे तिरळे करून तिच्याकडे बघत राहायचे. एकदा न राहवून मीच कागद फडकावून ती उडवली, तर म्हणाले, "कशाला वामनराव? आज तिला बी सुट्टी आन् मला बी."

त्यांचं खरं नाव शमुवेल. पण आमच्या मुलखात तोंडात मावेल तेवढंच नाव ठेवतात. कचेरीत ते माझ्याहून कितीतरी जुने अहलकार, म्हणजे कारकून. उर्दू अक्षर असं, की तहसीलदारसाहेब नुसतं बघूनच सही करत. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो, म्हणून कचेरीतले सामेलसाब आणि घरातले सामेलसाब असे दोन्ही माझ्या वाट्याला आले.

भानगड अशी होती, की निजामी राज्यात सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. रविवारी कचेरी चालू. आणि सामेलसाब पडले ख्रिस्ती. त्यांच्या देवाच्या दहा आज्ञांतली चौथी म्हणते, देवाच्या दिवशी काम करू नको. सहा दिवस राबावं आणि सातव्या दिवशी बसावं, याबद्दल निजामाचं आणि देवाचं काही दुमत नव्हतं. वाद होता तो फक्त वार कोणता एवढ्याच गोष्टीचा, आणि त्या वादात मधल्यामध्ये सामेलसाब चिरडले जात होते.

त्यांनी काढलेला तोडगा असा. गुरुवारी संध्याकाळी साहेबांच्या परवानगीनं मिसली, म्हणजे कामाच्या फायली, घरी आणायच्या, जुम्म्याला आम्ही घोरत असताना ओट्यावर बसून रविवारच्या वाट्याचं काम उरकायचं, आणि रविवारी कचेरीत येऊन हातावर हात ठेवून नुसतं बसायचं. दौतीला टोपण. टाक पालथा. कुणी काही विचारलं तर एकच उत्तर, "दफा चार."

दहा आज्ञांना ते दफाच म्हणायचे. जन्म कचेरीत गेलेला माणूस, त्याला देवसुद्धा कलमांतूनच दिसणार. आमच्या घरमालकानं देखण्या खोंडांची जोडी आणली, तेव्हा गल्लीतले सगळे बघायला जमले. सामेलसाब मात्र तिथून जाताना भिंतीकडे तोंड करून चालले आणि नालीत पाय घातला. "शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नको. दफा दहा," धोतर पिळत ते म्हणाले. माझ्याकडे कुणी पुरणपोळी पाठवली की ते आपली खिडकी लावून घेत. तीही दफा दहाच. मी म्हटलं, सामेलसाब, नुसता वास घेतला तर कुठं बिघडतं? तर म्हणाले, "वासापासूनच सुरुवात व्हती. हुकूम म्हंजे हुकूम. पळवाट न्हाई."

त्यांच्या बायकोचं, मार्थाबाईंचं, सगळं उलटं. देव एकच, पुस्तक एकच, पण त्या पुस्तकातून बाईंनी उचललं ते निराळंच. गल्लीत कुणी कितीही मोठी चूक करो, बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "जाऊ द्या हो. देवानं कवाच माफ केलंय." रविवारी सामेलसाब शनिवारची गार भाकरी चावत बसत आणि बाई समोरच चूल पेटवून आपल्यापुरती ऊन ऊन भाकरी थापत. ते म्हणत, "मार्थे, दफा चार." त्या म्हणत, "अवं, तुमी कायद्यात ऱ्हावा. मी कृपेत हाय. इकडं लई गरम भाकर मिळती."

पण खरी मौज झाली ती खंडोबाची. तालुक्याच्या शेतकऱ्यांना ख्रिस्ती, दफा वगैरे कुठलं ठाऊक? त्यांना एवढंच दिसायचं, की कचेरीतला एक साहेब दर रविवारी काही करत नाही, न बोलता बसून असतो. आणि रविवार कुणाचा? माळेगावच्या खंडोबाचा. झालं! साहेबाचा रविवार कडक आहे, अशी बातमी खेड्याखेड्यांत पोचली. लोक रविवारी त्यांच्यासमोर केळी ठेवू लागले. उपासाला चालतात म्हणून.

एका रविवारी एक म्हातारा आला. त्याची वाट चुकलेली म्हैस सापडली होती, आणि ती साहेबाच्या तपानंच सापडली असं त्याचं ठाम मत होतं. आम्ही हां हां म्हणेपर्यंत त्यानं सामेलसाबांच्या कपाळावर मूठभर भंडारा फासला, "येळकोट येळकोट" म्हणत पायावर डोकं ठेवलं आणि निघून गेला. सामेलसाब दगडासारखे बसून राहिले. दुसरा देव नको ही दफा एक मोडली होती, मूर्तिपूजा नको ही दफा दोन मोडली होती, आणि पुसावं तर दफा चार मोडत होती.

तेवढ्यात तहसीलदारसाहेब बाहेर आले. कपाळ ते नाक पिवळाधमक झालेला आपला अहलकार पाहून थबकले. "सामेल मियाँ, ये क्या हाल बनाए?"

"हुजूर, खंडोबा हाय."

"तो पोंछ लेओ ना जी!"

"आज इतवार है, हुजूर. पोंछना काम में आता है."

साहेब आत गेले. बराच वेळ आतून खोकल्यासारखा आवाज येत होता. सामेलसाब तसेच दिवे लागेपर्यंत बसले आणि तसेच बाजारातून घरी चालत आले. वाटेत चार जणांनी त्यांना नमस्कार केला म्हणे. दारात मार्थाबाईंनी बघितलं आणि पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. मग उठून त्याच पदरानं त्यांनी नवऱ्याचं कपाळ स्वच्छ पुसलं. सामेलसाबांनी मान खाली घालून पुसू दिलं. एवढं मात्र त्यांना कुठल्या दफेत बसवता आलं नाही.

मला वाटायचं, इतका काटेकोर माणूस म्हणजे आपल्या पुण्याईचा ताठा असणार. तो समज मार्थाबाईंनीच मोडला. त्यांच्यात प्रभुभोजन म्हणून एक विधी असतो. नांदेडहून पाद्री येत, रविवारी संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत सगळे चटईवर बसत, आणि चपातीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांचा रस प्रत्येकाला मिळे. देवानं आपल्याला पदरात घेतलं, याची ती खूण. मोलमजुरी करणारे घेत, भांडखोर घेत, चोरून शिंदी पिणारेही डोळे पुसत घेत.

"हेच घेत न्हाईत, वामनभाऊ," बाई म्हणाल्या. "ताट आलं की फुडं सरकवतात. म्हन्त्यात, मी रविवारी कचेरीची पायरी चढतो, बसल्याचा पगार खातो. मी हुकूम मोडणारा. दुसऱ्यांना समदं माफ, निस्ते हेच उपाशी. लग्न झाल्यापासून मी येकटीच घेऊन राहिले. येकदा ह्यांच्या शेजारी बसून खाल्लं आस्तं, तर घशाखाली नीट उतरलं आस्तं."

माशी न हाकलण्यावरून मी ज्याची इतकी थट्टा केली, तो माणूस दर खेपेला देवाच्या दारातून न जेवता परत येत होता.

त्या वर्षी मार्थाबाईंना मुदतीचा ताप आला. हकीम झाले, डॉक्टर झाले. बाई वाळून पलंगाला लागल्या. पाद्री आले, आणि ताट घेऊन घरीच आले. रविवारच होता, उन्हं उतरत होती. मी दूध घेऊन गेलो होतो, तो दारातच उभा राहिलो. सामेलसाब नुकतेच कचेरीतून आलेले, अंगात शेरवानी तशीच.

पाद्रींनी तुकडा पुढे केला. बाईंनी मान हलवली. "आधी ह्यांना. हे घेतले तर मी घेणार."

"मार्थे, मी आत्ता कचेरीतून आलो. आज रविवार हाय."

"ठावं हाय मला."

"मी लायक न्हाई गं."

"लायकी कोण इचारून राह्यलंय? तुमचा देव तहसीलदार हाय. हुकूम मोडला की बडतर्फ. माझा बाप हाय. बापाच्या घरी जेवाया लायकी लागती व्हय?"

सामेलसाबांनी पाद्रींकडे पाहिलं. पाद्री म्हणाले, "सामेलराव, लायकीनं वाढायचं असतं, तर हे ताट धरायला मी तरी कुठून आलो असतो?"

"आन् लायक नसता खाल्लं म्हून आनखी येक दफा मोडली तर?"

"तर वर सांगा, बायकोनं दिलं म्हणून खाल्लं," मार्थाबाई म्हणाल्या. "फळ खाल्ल्यावर आदमानं बी देवाला तेच सांगितलं व्हतं."

पाद्री हसले. मी हसलो. सामेलसाब मात्र हसले नाहीत. त्यांनी शेरवानीला हात पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. पाद्रींनी खालून आपला हात लावला आणि ओंजळीत तुकडा ठेवला. मग दोघांनी बरोबर खाल्लं. बाईंनी नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

"आता मी मोकळी झाले," त्या म्हणाल्या. "आता गेले तरी चालंल."

सामेलसाब तोंडातला घास कसाबसा गिळून म्हणाले, "दरखास्त नामंजूर."

बाई हसता हसता खोकल्या. वरच्या कचेरीनं मात्र ती नामंजुरी फार दिवस चालू दिली नाही. मार्थाबाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. गल्लीतली चूल न् चूल त्या दिवशी थंड होती, आणि मीसुद्धा सख्खी बहीण गेल्यासारखा रडलो.

पाद्री पुन्हा आले, तेव्हा मी सामेलसाबांबरोबर त्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेलो. माणूस एकटा जाऊ नये, एवढंच. तो दिवसही त्यांनी कचेरीत टाकाला हात न लावता काढला होता. मी बाहेरून बघत होतो. चटईवर आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडून ते बसले होते. ताट फिरत आलं. या वेळी त्यांनी ते पुढे सरकवलं नाही.

परतताना मी विचारलं, "सामेलसाब, आज तर दिवसभर कचेरीत बसला होतात की."

"हाव. बसलो व्हतो."

"मग?"

"तरी बी दिलं, वामनराव," ते म्हणाले. "तरी बी दिलं." आणि भर रस्त्यात लहान पोरासारखे रडू लागले.