पडदेवाले गजाभाऊ

गजाभाऊ दारात आलेल्या प्रत्येकाला आधी त्याची भूमिका विचारतात. अलिबागच्या जुन्या नाटकगृहात शिरताना त्यांनी मलाही अडवलं.

"तुमची भूमिका काय?"

"नवरीचा आजा."

"मग आज काय काम? तुमचा प्रवेश उद्या हाय."

मी नागावचा वाडीवाला. चौथीपर्यंत शिकलो, पण कोणाचं ऐकून घेणं काही शिकलो नाही. नातीचं, पूर्वाचं लग्न माझ्या नारळांच्या सावलीत व्हावं असा माझा हेका होता. तिचा हेका नाटकगृहाचा. कित्येक वर्षं बंद पडलेली ती इमारत नुकतीच होती तशी पुन्हा उभी केलेली. लाकडी सज्जा, नक्षीचे खांब, लाल पडदा. हेका तिने माझ्याकडूनच घेतलाय, तेव्हा तीच जिंकली.

गजाभाऊंनी तिथे चाळीस वर्षं पडदा ओढला. आता पडदा बटणावर चालतो. ते एका हाताने बटण दाबतात आणि दुसऱ्या हाताने नसलेली दोरी ओढतात. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि उपकार मानायची मला सवय नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आदल्या दिवशी त्यांनी आमच्या लग्नाची चक्क तालीम घेतली. भटजींना म्हणाले, "गुरुजी, मंगलाष्टकं शेवटच्या रांगेपर्यंत पोचू द्या. तिकडची माणसं पण आहेर घेऊन येणार हायत." वरमाईला म्हणाले, "ताई, प्रेक्षकांना पाठ दाखवायची न्हाय." ती बिचारी लग्नात दोन तास खेकड्यासारखी तिरकी चालत होती. रंगमंचावर चपला न्यायला बंदी. मी मुद्दाम घालून चढलो, तर त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने माझ्या पायातून काढल्या. 

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला अर्धा तास उरला आणि पूर्वाच्या सख्ख्या मामाचा फोन आला. मस्कतहून येणारं विमान मुंबईला उशिरा उतरलं, अलिबागची बोट निघून गेली. आमच्यात अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा लागतो. ती जागा रिकामी ठेवून पोरीला उभी कशी करायची? लगेच लांबचे तीन मामा उठले, आणि मान कोणाचा यावरून रंगमंचावरच, बंद पडद्याआड जुंपली.

"मी वयानं मोठा!"

"मोठा हायस तर बारशाला का न्हाय आलास?"

मीही ओरडून बघितलं. कोणी ऐकेना. पूर्वाचे डोळे भरले.

तेवढ्यात गजाभाऊ विंगेतून स्टूल आणि पाणी घेऊन आले. "बस बाय. नायिकेचा घसा कोरडा पडता कामा न्हाय." मग मामांकडे वळले. "तुम्ही बाहेर जाऊन भांडा. हा प्रवेश लिहिलेला न्हाय."

पूर्वा पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझ्या मागे हेच उभे राहतील."

"मी? माझी जागा विंगेत, बाय. चाळीस वर्षांत लोकांसमोर आलो न्हाय मी."

"आजोबा, तुम्ही सांगा ना त्यांना."

आयुष्यात मी फार थोड्या माणसांना हात जोडलेत. त्यांना जोडले.

गजाभाऊंनी पडदा उघडला आणि अनवाणी चालत येऊन तिच्या मागे उभे राहिले. मंगलाष्टकं संपेपर्यंत मान ताठ.  तिन्ही मामांनी अक्षता नवरानवरीला कमी आणि त्यांनाच जास्त मारल्या.

मामाचा मान म्हणून मी त्यांना टोपी-उपरणं दिलं, पहिल्या पंगतीला शेजारी बसवलं. दुपारी वऱ्हाड पांगल्यावर ते माझ्यापाशी आले.

"एखादी पत्रिका उरली हाय काय?"

"लग्न झालं की हो. आता पत्रिका कशाला?"

 "मला सख्खी भाची हाय, तळा गावाला. नाटकाचे पडदे ओढणारा मामा सोयऱ्यांना दाखवायचा कसा, म्हणून बहिणीनं लग्नाला बोलावलं न्हाय. पत्रिका मी दुसऱ्याच्या घरात बघितली. त्यात माझं नाव न्हवतं."

पिशवीत एक पत्रिका होती. कोणाकडूनही नाव लिहून घेता आलं असतं. नाही घेतलं. पत्रिका मांडीवर ठेवली, आणि 'मामा' छापलं होतं तिथे खाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहायला लागलो.

"गजानन लिहू की गजाननराव?"

"नुसतं गजानन लिवा."

मी गजाननराव लिहिलं.