मढ्याचं पोट

"सिनेमा चांगला की वाईट, हे कळायला मला अख्खा सिनेमा लागत नाही!" असं निकालराव छातीठोकपणे सांगायचे.

निकालराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत ते तक्रारींच्या खिडकीवर बसत आणि रविवारी पाहिलेल्या सिनेमांचा निकाल सोमवारी सकाळी कचेरीच्या ग्रुपवर लावत, म्हणून हे नाव पडलं. निकाल अगदी थोडक्यात. 'नायिका सुंदर, कथा बेपत्ता.' 'भुताचा सिनेमा. भूत सोडून बाकी सगळ्यांची भीती वाटली.' 'मध्यंतरातला चहा बरा होता.' नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेली माणसंसुद्धा जाता जाता विचारत, "या आठवड्यात काय बघावं हो?"

त्या सोमवारी एका रडक्या कौटुंबिक सिनेमाची पाळी होती. निकालरावांनी लिहिलं, 'मुलगा बापाच्या प्रेतावर पडून धाय मोकलून रडतोय आणि खाली मढ्याचं पोट लोहाराच्या भात्यासारखं हलतंय! आधी मढ्याला नीट मारा, मग आम्हाला रडवा.'

कचेरी जमिनीवर लोळायची तेवढी बाकी राहिली! हिशेबनीस बाईंनी तो निकाल माहेरी धाडला, साहेबांनी साडूला, साडूनं आणखी कुणाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मढं गावभर फिरून आलं.

आणि तेवढ्यात घरच्या ग्रुपवर पुतणीचा निरोप आला. 'एक गुपित सांगते! आमचे बाबा सिनेमात आहेत! तो मुलगा ज्यांच्यावर पडून रडतो ना, तेच! शनिवारची सगळ्यांची तिकिटं बाबांनी काढलीत. काका, तुम्ही तर यायलाच हवं!'

निकालरावांचा घास तोंडातच राहिला. बाबा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. दादा! शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. वहिनी गेल्यापासून या माणसानं बोलणंच टाकलं होतं. फोन केला तर 'बरंय' आणि 'ठेवतो', संपलं संभाषण. शेजारचा रंगभूषाकार त्यांना बळेच कुठेतरी कामाला घेऊन जातो, एवढं कानावर आलं होतं. पण हे? सख्खा भाऊ पडद्यावर मरून पडला होता आणि निकालराव त्याचं पोट बघत बसले होते!

त्यांनी घाईघाईनं आपल्या निरोपावर बोट दाबलं. 'सगळ्यांसाठी पुसा' की 'माझ्यापुरता पुसा'? चष्मा कपाळावर. दाबलं एकदाचं काहीतरी. निरोप गायब! निकालरावांनी सुटकेचा श्वास सोडला.

"गेला ना रे?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"तुमच्या फोनमधून गेला, साहेब. आमच्याकडे ठणठणीत आहे!"

मग सारवासारव. निकालरावांनी नवा निकाल लावला. 'दुरुस्ती. मढ्याचं काम अप्रतिम. इतकं जिवंत मढं मी आजवर पाहिलं नाही.'

हा तर पहिल्यापेक्षाही जोरात धावला.

शनिवारी दादा थिएटरच्या दारात उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते स्वतः तिकीट देत होते. निकालरावांना त्यांनी आपल्या शेजारी बसवून घेतलं.

तो प्रसंग आला. पडद्यावर दादा निजले होते, मोठ्या पांढऱ्या मिशा लावून. मुलानं टाहो फोडला, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, पोट बघ, पोट!"

"इतकं जिवंत मढं!" दुसरा ओरडला. सगळं थिएटर खदखदून हसलं. पुतणीनं ओढणीत तोंड लपवलं.

"कुणी लिहिलंय हो हे? हात झडोत मेल्याचे!" निकालरावांची बायको दात-ओठ खात पुटपुटली. निकालरावांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घातले.

दादा सरळ बसून पडद्याकडे बघत होते.

सिनेमा सुटल्यावर बायका पुढे निघाल्या. बसथांब्याकडे चालता चालता दादांनी विचारलं, "धाकट्या, तूच लिहिलंस ना?"

"दादा, मला खरंच माहीत नव्हतं रे..."

"अरे, खरं तेच लिहिलंस. हललं पोट." कित्येक महिन्यांत दादा एवढंही बोलले नव्हते. "श्वास रोखून धरा म्हणाले होते, धरला होता. पण ते पोरगं छातीवर डोकं ठेवून म्हणालं, 'एकदा डोळे उघडा ना.' हॉस्पिटलात मी तुझ्या वहिनीला हेच म्हणत होतो. तेव्हा पोरीसमोर रडता आलं नाही. मग घरी एकटा असूनही जमेना. तिथं म्हटलं, आता आपण मेलोच आहोत, कोण बघतंय! हुंदका आवरता आवरला नाही. तो पोटात हलला."

निकालराव कसंबसं म्हणाले, "मग त्यांना सांगायचंस ना, पुन्हा घ्या म्हणून."

"सांगितलं की! हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, आजोबा, मुलगा झकास रडलाय. मढ्याकडे कोण बघतो!"

निकालरावांनी बघितलं होतं. अख्ख्या गावात आधी त्यांनीच बघितलं होतं, आणि बघूनही त्यांना काही दिसलं नव्हतं.

दादांची बस आली. "घरी चल ना आमच्या, जेवायला," निकालराव म्हणाले.

"नको रे. सकाळी लवकर उठायचंय."

सकाळी उठून दादांना कुठंही जायचं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दादा बसमध्ये चढले, खिडकीशी बसले. बस हलली आणि निकालराव धावले! या वयात, या पोटाला घेऊन, कंडक्टरच्या शिव्या खात ते आत घुसले आणि दादांच्या शेजारी धपकन बसले.

"अरे, तुझं घर उलट्या बाजूला!"

"असू दे."

दादा खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. निकालरावांनी त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कशावरही काही मत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको!

"अहो, आहात तरी कुठं?"

"दादाबरोबर आहे. आज रात्री तिकडेच राहीन म्हणतो."

"राहा ना, खुशाल राहा! चांगलं केलंत!" ती म्हणाली. "पण घराची किल्ली तुमच्या खिशात आहे, आणि मी दारात उभी आहे!"