उभ्या गाडीची शर्यत

मोहाडीच्या तलाव पाहणी उपविभागाची पांढरी गाडी सोमवारी सकाळी कार्यालयाच्या आवारात उभी होती आणि उभ्याउभ्याच धावत होती. म्हणजे चाकं जागेवर होती, पण इंजिन असं भणाणत होतं की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. चालक बाबुलाल गजभिये यांनी दोन्ही पाय मुद्दाम दाराबाहेर काढून ठेवले होते. पुढेमागे चौकशी झालीच, तर रेस आपण देत नव्हतो हे चार लोकांनी पाहिलेलं असावं, एवढाच त्यांचा हेतू.

जिल्हा फुटला तेव्हा ही गाडी भंडाऱ्याच्या वाट्याला आली. धड गाड्या गोंदियाला गेल्या, असं इकडचे लोक सांगतात. गोंदियाचे लोक नेमकं उलटं सांगतात.

बाबुलालजींना त्याचं काही नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. याच जानेवारीत, रस्ता सुरक्षा सप्ताहात, 'विनाअपघात सेवे'बद्दल त्यांचा सत्कार ठरला होता आणि त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी त्या दिवसासाठी पांढरी साडी इस्त्री करून पेटीत वेगळी ठेवली होती. अशा वेळी ब्रेकवरचा पाय जरा सैल पडला की गाडी आपल्या मनाने पुढे उडी घेऊ लागली. बाजाराच्या दिवशी वांग्याची एक टोपली गेली. टोपलीमागची म्हातारी हातभर अंतराने वाचली. त्या रात्री बाबुलालजींना जेवण गेलं नाही.

धर्मेंद्र मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि दहा मिनिटांत रोग सांगितला.

"काका, साहेबानं पायाखाली जाड गालिचा टाकला ना, त्याच्यात पॅडल अडकून राहिलं. पहिले तो काढा."

गालिचा काढला. रेस थोडी उतरली, पुरती उतरली नाही. मग त्याने केबलमध्ये तेल सोडलं, पॅडल दाबून सोडलं आणि कार्बोरेटरजवळ बोट लावलं. "हे पाहा. पाय काढल्यावर रेस वापस ओढाले हेच स्प्रिंग असते. हे ढिली पडली. तुमी पाय काढता, पण गाडीले ते समजतच नाही."

तशी स्प्रिंग मोहाडीत मिळेना. तोवर सोय म्हणून धर्मेंद्रने सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून ताणून बांधली. गाडी इतकी गप्प झाली की बंद पडली समजून बाबुलालजींनी पुन्हा चावी फिरवली.

"हे कामचलाऊ आहे, काका. आठ दिवसांत नवी टाका."

नवी स्प्रिंग मागवायची तर अर्ज हवा होता. बाबुलालजींनी लिहिलं, 'गाडी उभी राहून रेस घेते, स्प्रिंग मिळावी.' बडे बाबू चंद्रभान सोनकुसरे यांनी चष्मा पुसला.

"रेस? हा इंग्रजी शब्द कायले टाकला? परवाच परिपत्रक आलं. कारभार शुद्ध मराठीत."

"मंग काय लिहू जी?"

"मी लिहितो ना."

आणि बाबूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर वाहन शर्यत घेते.' 'उभी राहून' हे शब्द शर्यतीशी जुळेनात, म्हणून त्यांनी ते काढून टाकले. स्प्रिंगला मराठी प्रतिशब्द सुचला नाही, म्हणून तेही वाक्य गेलं.

दिवस शंकरपटाचे होते. गावोगाव बैलजोड्या पळत होत्या. भंडाऱ्याच्या वरिष्ठ कार्यालयाने अर्ज वाचला आणि आठवड्यात कारणे दाखवा नोटीस धाडली. 'शासकीय वाहन कोणाच्या परवानगीने पटावर नेले? कोणत्या गावच्या? जोडी कोणाची होती?'

बाबुलालजींनी खुलासा दिला की गाडी पटावर नेली नाही, गाडीला बैल नाहीत. उत्तर आलं, 'बैलांविना शर्यत घेतल्याचे आपण मान्य केले आहे. सबब तीन सदस्यांची समिती नेमण्यात येत आहे.'

समितीला मोहाडीला यायला वाहन नव्हतं. त्यामुळे ज्या गाडीची चौकशी करायची, तीच गाडी घेऊन बाबुलालजी समितीला आणायला गेले. वाटेत गाडी अगदी सुतासारखी चालली आणि अध्यक्षांना झोप लागली. मोहाडीत उतरल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"ही पट्टी कसली?"

"रेस धरून ठेवते जी."

"वाहनाच्या नोंदवहीत आहे?"

"नाही जी."

"म्हणजे शर्यतीसाठी परस्पर केलेला बदल. जप्त करा."

"साहेब, पट्टी काढली तर गाडी उधळते जी! कोणाचा तरी जीव जाईल!"

"शर्यतीची सवय लागलेलं वाहन उधळणारच," अध्यक्ष म्हणाले आणि तेही त्यांनी नोंदवून घेतलं. पायाखाली गालिचा नसल्याचं पाहून तो पुन्हा टाकायला लावला. तो मात्र नोंदवहीत होता.

बाबुलालजींनी बाबूंना हात जोडले. "मी नाही चालवत जी हे गाडी."

"नाही चालवली तर कर्तव्यात कसूर होते. अन् मंग सत्कार कायचा घ्याल?"

सत्कार शाळेच्या मैदानात होता. उपविभागाच्या साहेबांची कल्पना अशी की, सत्कारमूर्तीने स्वतः गाडी चालवत मंडपात यावं, मागे साहेब बसलेले असावेत आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. लीलाबाई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाबुलालजी पायी चालण्याच्या वेगाने मंडपाच्या तोंडाशी आले. वळताना त्यांनी रेसच्या पॅडलला जरासा पाय लावला आणि काढला. पॅडल वर आलं नाही. गालिच्याने ते धरून ठेवलं आणि गाडीने उडी घेतली.

समोर लीलाबाई होत्या. एकोणतीस वर्षं, सत्कार, नोकरी, सगळं त्या क्षणी बाबुलालजींच्या डोक्यातून पुसून गेलं. उरली ती पांढरी साडी. त्यांनी ब्रेकवर उभं राहून स्टिअरिंग डावीकडे पिळलं, चावी बंद केली आणि गाडी मंडपाचे दोन खांब घेऊन तणसाच्या ढिगात शिरली. धानाच्या त्या वाळल्या काडाने इंजिनापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांभाळून घेतलं.

बाबुलालजी धावत गेले आणि पाचशे लोकांसमोर लीलाबाईंचा हात धरून लहान पोरासारखे रडले.

"मले काई नाही झालं," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी बरे आहा ना? मंग झालं. चला घरी."

प्रमाणपत्र साहेबांच्या हातातच राहिलं. दोन खांब पडले म्हणजे नियमानुसार अपघात झाला होता. मग पाचशे लोकांच्या जबान्या झाल्या. आवाजावरूनच समजत होतं, रेस लय होती, असं प्रत्येकाने सांगितलं. 'मग आधी कळवले का नाही?' याचं उत्तरही प्रत्येकाने एकच दिलं. "गाडी सरकारी जी. आपल्याले काय करायचं?"

जबान्यांनी फाईल इतकी फुगली की नाडी पुरेना. चंद्रभान बाबूंनी कपाटातून जप्त केलेली ट्यूबची पट्टी काढली आणि फाईल तिने बांधली. बाबुलालजींनी ते दारातून पाहिलं. पट्टी अजून चांगली ताणत होती.

समितीने वाहनात तांत्रिक दोष नसल्याचा निष्कर्ष काढून ते दुसऱ्या तालुक्याला वर्ग केलं. कोणत्या, ते आदेशाच्या प्रतीत पुसट उमटलं आहे, तेव्हा तुमचाही असू शकेल. भणाणता आवाज आला तर आधी बाजूला व्हा आणि मग अर्ज लिहा. अर्थात तुम्ही अर्ज लिहिणार नाही, हे त्या पाचशे जबान्यांवरून कार्यालयाने गृहीत धरलेलं आहे.