एकोणीस नंबरची वायर

मी पास होणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी ही गोष्ट आमच्या दवाखान्यातल्या चौदाही खुर्च्यांना सांगून टाकली होती. म्हणजे खुर्च्यांवर बसलेल्यांना. दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखा श्रोता नाही. तोंड उघडं, हातपाय गार आणि मधेच उठून जायची सोय नाही.

आमचा दवाखाना तीन मजली, फक्त दातांचा. अठरा वर्षांपूर्वी मी तिथे काउंटरवर लागले. नाव लिहा, वेळ द्या, फोन उचला. पुढे एक्स-रे कॉम्प्युटरवर आले, प्रत्येक खुर्चीसमोर स्क्रीन आला आणि महिन्यातून चारदा ते स्क्रीन काळे पडायला लागले. दुरुस्तीवाला बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवायचा, एक वायर काढून परत घालायचा आणि जायचा. तिसऱ्या वेळी ती वायर मीच काढून परत घातली. चौथ्या वेळी त्याला फोनच केला नाही. तिथून सुरू झालं. वायरीला टोक बसवायचा चिमटा मी माझा मी घेतला, आतल्या आठ बारीक तारांचे रंग भाजी चिरताना घोकले, जिन्याखालच्या कपाटात येऊन मिळणाऱ्या शेहेचाळीस वायरींना नंबर चिकटवले. अकरा वर्षं ते कपाट मी सांभाळते आहे. ओळखपत्रावर मात्र अजून ‘स्वागत सहायक’.

यंदा मोठ्या डॉक्टरांनी ‘नेटवर्क प्रमुख’ अशी जागा काढली. मी ओळखपत्रासाठी नवीन फोटोसुद्धा काढून ठेवला.

"जागा तुमचीच आहे हो," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्या नेटवर्कच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणा. माझी भाची विचारतेय, तिच्याकडे आहे ते. पण तुमचा हक्क पहिला. सहा महिने थांबतो मी."

"सहा महिने कशाला?" मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात आणून देते."

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा ऐकलं. माझ्याच आवाजात, बहुतेक भांडी घासताना.

या परीक्षेचा निकाल तिथल्या तिथे लागतो. शेवटचं बटण दाबलं की स्क्रीनवर एक चक्र गरागरा फिरतं आणि मग नापास. बाहेर टेबलावर बसलेली बाई प्रिंटरमधून कागद काढते आणि उलटा धरून हातात देते, शेजारच्याला दिसू नये म्हणून. लागतात सातशे वीस. मला सहाशे चौऱ्याण्णव. खाली विषयवार टक्के होते. वायरी आणि जोडणी यांत मला पैकीच्या पैकी, स्विचमध्ये एकतीस टक्के. स्विच म्हणजे सगळ्या वायरी ज्याच्यात येऊन मिळतात तो डबा. अकरा वर्षं मी ज्याच्यावरची धूळ पुसते, तोच.

त्यातला एक प्रश्न मला चांगला आठवत होता. दोन स्विच एका वायरीने जोडलेले आहेत. चुकून त्यांच्यात आणखी एक वायर जोडली गेली आणि आवर घालणारी सोय चालू नसेल, तर काय होईल? मी दणकून उत्तर दिलं होतं: वेग वाढेल. दोन वाटा झाल्या की गर्दी कमी होते, एवढं कुणालाही कळतं. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं आणि जे आमच्याकडे झालं नाही ते जगात कुठे होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नवरा शाळेत गणित शिकवतो. नापास मुलांना धीर द्यायचं त्याचं एक ठरलेलं भाषण आहे, पंचवीस वर्षांत त्यातला स्वल्पविरामही हललेला नाही. मी कागद पुढे ठेवला. त्याने चष्मा पुसला.

"हे बघ बाळ..."

"बाळ?"

"सवय गं. हे बघ, पेपर अवघड होता की वेळ पुरला नाही?"

"दोन्ही नाही. मला येत नव्हतं."

तो गडबडला. हे उत्तर त्याला आजवर कुठल्याच मुलाने दिलेलं नसावं. भाषणात यापुढे काही लिहिलेलंच नव्हतं. त्याने चष्मा पुन्हा पुसला. "घरी दाखवलास का निकाल?"

दवाखान्यात याहून वाईट. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. पण दात उपटण्याआधी आमचे डॉक्टर जो आवाज काढतात ना, ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल,’ त्या आवाजात सगळे माझ्याशी बोलायला लागले. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा पेशंटची दया आली.

पुन्हा बसायचं होतं, हातात पाच महिने होते. पण पुस्तक उघडवेना. सातशे पानांचं ते पुस्तक समोर ठेवलं की मला टेबल आवरावंसं वाटायचं. टेबल आवरलं की खण, खण झाला की कपाट. तीन आठवड्यांत आमचं घर लग्नघरासारखं लखलखीत झालं आणि मी पान चारवर होते. नवऱ्याने रंगीत पेनांनी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. त्यात रोज संध्याकाळी अर्धा तास ‘खेळ’ होता. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

मग एक दिवस लक्षात आलं, की आयुष्यात मी वाचून काही शिकलेलेच नाही. जे आलं ते हाताने आलं. ठरलं. अडगळीतून एक जुना, पाच भोकांचा छोटा स्विच शोधून काढला आणि दवाखान्यात माझ्या टेबलाखाली मांडला. एका वायरीने तो भिंतीतल्या जोडणीला लावला. दुसऱ्या वायरीचं एक टोक त्या स्विचमध्ये, दुसरं मोकळं. ते मी जेवणाच्या सुट्टीत निरनिराळ्या ठिकाणी लावून बघायचे. चार दिवसांत चाळीस पानं झाली. पुन्हा माझी मान ताठ झाली. नवऱ्याला मी ‘खेळ’ खोडायला लावलं.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. मावशी म्हणजे आमच्याकडची साफसफाई बघणाऱ्या. पूर्वी त्यांच्या झाडूने रोज कुठली ना कुठली वायर भिंतीतून निसटायची आणि मी तीन मजले पालथे घालायचे. म्हणून मी प्रत्येक खोलीत, माझ्या सुवाच्य अक्षरात, एक सूचना चिकटवली होती: ‘सुटलेली वायर दिसल्यास जवळच्या रिकाम्या जागी नीट खोचावी.’ दवाखान्यातल्या एकूण सूचनांमध्ये फक्त ही एकच सूचना कुणीतरी पाळत होतं. मावशी.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला पहिल्या मजल्यावरून हाक आली, "बाई, स्क्रीन गेला." मग दुसऱ्यावरून. मग फोन बंद, मग काउंटर बंद. दहा मिनिटांत चौदा खुर्च्या, चौदा काळे स्क्रीन आणि चौदा उघडी तोंडं. सहा नंबरच्या खुर्चीवर एक वकील होते. अर्ध्या दाताचं काम झालेलं, तोंडात चिमटे, एक्स-रे दिसल्याशिवाय पुढे जाता येईना. वकील, आणि बोलायला बंदी. ते डोळ्यांनीच दावा दाखल करत होते.

आणि नेमकी त्याच वेळी डॉक्टरांची भाची जागा बघायला आलेली.

मी जिन्याखालचं कपाट उघडलं. एरवी आपापल्या लयीत मिणमिणणारे ते हिरवे दिवे, सगळे एकदम, वेड लागल्यासारखे फडफडत होते. मी बंद करून चालू केलं. पाच सेकंद शांत, पुन्हा फडफड. टोकं तपासली. पॉवरची वायर बदलली. नवीन टोकं बसवली. मला जे जे येत होतं ते सगळं करून झालं आणि घड्याळात बारा वाजत आले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकू, लूप झाला असेल."

काकू. मी मागे न बघता म्हणाले, "आमच्याकडे लूप होत नाही."

"कुणीतरी दुसरी वाट जोडली असेल. निरोप गोल गोल फिरत बसतो, वाढत जातो, मग सगळं तुंबतं." ती शांतपणे सांगत होती, पाठ असल्यासारखं. पाठच असणार. "फक्त कुठे, ते मला नाही कळणार. एकेक वायर काढत जाऊ या, क्रमाने. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती."

एक काढली. फडफड. दोन. फडफड. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. बारा, तेरा, चौदा. सहा नंबरवरून एक लांब ‘आंऽऽ’ ऐकू आला. अठरा. फडफड. एकोणीस.

दिवे शांत झाले. जणू कुणी खोलीतून उठून गेलं.

"एकोणीस कुणाची?" भाचीने विचारलं.

शेहेचाळीस वायरी मला तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा. त्या क्षणी मात्र मी डोकं खाजवल्यासारखं केलं.

"माझ्या टेबलाची," मी म्हणाले.

सगळी वरात माझ्या टेबलाशी आली. डॉक्टर स्वतः वाकले. टेबलाखाली माझा छोटा स्विच, उघडं पडलेलं पुस्तक, आणि मोकळ्या टोकाची ती वायर भिंतीतल्या शेजारच्या भोकात. नीट खोचलेली.

"कुणी केलं हे?" डॉक्टर म्हणाले.

"मी," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "लोंबत होती. बाईंनीच लिहून लावलंय की." आणि पुरावा म्हणून भिंतीवरची सूचना सोलून त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवली.

डॉक्टरांनी ती वाचली आणि भाचीला दिली. तिने वाचली. "अक्षर सुंदर आहे हो काकू," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, हे जास्त लागलं.

"हे असलं परीक्षेत विचारतात का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"विचारतात."

"मग?"

"चुकलं होतं माझं."

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले. मुंगी चावायच्या आवाजात.

त्या दुपारी मी सगळ्या खोल्यांतल्या सूचना काढल्या आणि टेबल न आवरता पुस्तक उघडलं. लोक म्हणतात अभ्यासाला जिद्द लागते. माझं चिडीवर भागलं. झोप आली की सहा नंबरचा ‘आंऽऽ’ आठवायचे, कंटाळा आला की ‘काकू’. सात आठवड्यांत सातशे पानं दोनदा झाली. लूपचं प्रकरण तर मी असं केलं, की नवऱ्याने मधूनच विचारलं तरी आकृतीसकट सांगायचे. तो वहीवर ‘छान’ असा शेरा मारायचा. एकदा त्याने चांदणीही काढली. मी ती खोडली नाही. आवडली होती.

दुसऱ्या परीक्षेत लूपवर एकही प्रश्न आला नाही.

तरी सातशे एकतीस. टेबलावरच्या बाईने या वेळी कागद सुलटा दिला, शेजारच्याला दिसेल असा. मी तो प्लास्टिकच्या पाकिटातही घातला नाही, तसाच हातात मिरवत दवाखान्यात आले आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले. "अहो, भाचीला मोठ्या कंपनीत लागली नोकरी. ती काही येत नाही. तेव्हा तुम्हीच बघा आता नेटवर्क. प्रमुख तर प्रमुख."

"डॉक्टर, सर्टिफिकेट..."

"त्याचं राहू द्या हो. कोण बघतंय?"

"मी आणलंय."

"हो? वा वा. ठेवा जपून." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी बाहेर आले, कागद माझ्या टेबलावर ठेवला. बसून नीट रडावं की हसावं हे ठरवत होते, तेवढ्यात वरून हाक आली, नऊ नंबरचा स्क्रीन गेला. नेटवर्क प्रमुख जिना चढून गेल्या, वायर काढून परत घातली आणि खाली आल्या. टेबलावर कागद नव्हता.

"मावशी, इथे माझा एक कागद होता."

"सुटा पडला होता तो? खोचला."

"कुठे?"

"रिकाम्या जागी."

"मावशी, मी त्या सूचना केव्हाच काढल्या."

"सूचना काढल्यात," मावशी म्हणाल्या. "दहा वर्षांची सवय कोण काढणार?" नक्की कुठे खोचला हे त्यांना आजही आठवत नाही. दिवसाला शंभर गोष्टी खोचतात त्या.

याला तीन महिने झाले. सर्टिफिकेट कुणी मागितलेलं नाही, त्यामुळे मला शोधायची घाई नाही, असं मी नवऱ्याला सांगते. खरं सांगायचं तर रोज जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यातल्या खणांना नंबर देऊन एकेक उपसते आहे. भाचीच्या पद्धतीने, क्रमाने. फक्त एकोणीस नंबरचा सर्वांत आधी बघितला. त्यात माझं नवीन छापून आलेलं ओळखपत्र सापडलं. ‘स्वागत सहायक’, नवीन फोटोसकट.