मुलाणीमामांचं ओव्हर

रविवार, ७ डिसेंबर. दौंडहून आणलेली मेथी निवडायला बसले आहे. जुडीतली निम्मी मेथी मुलाणीमामांनी आधीच निवडून दिली आहे, म्हणजे पानं टाकून देठं ठेवली आहेत. मामांच्या मदतीनं काम दुप्पट होतं, हे मला तीन वर्षांत पाठ झालं आहे.

मामा बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणतात. चहावाल्याला, "दोन कटिंग, एकात साखर कमी, ओव्हर." कंडक्टरला, "एक हाफ, ज्येष्ठ नागरिक, ओव्हर." त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर गेली. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. पण आपण तोंड उघडेपर्यंत मामांचं पुढचं वाक्य निघालेलं असतं. चुकून आपण मध्ये बोललोच, तर हात वर करून म्हणतात, "लाईन बिझी हाय. थांबा."

आम्ही दोघं बी.ए.ला एका बाकावर बसतो. मी मांडवगण फराट्याला अंगणवाडी सेविका आहे. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते. आठवडाभर पोरांची वजनं घ्यायची, मोबाईलवर माहिती भरायची, ती गेलीच नाही म्हणून परत भरायची, आणि रविवारी एस.टी.नं दौंड गाठायचं. कम्युनिकेशन हा विषय घेतला, कारण त्यात गणित नव्हतं. एवढंच. संवादाची मला काही ओढ नव्हती. दिवसभर पंचवीस पोरं आणि त्यांच्या आया कानाशी असल्यावर माणसाला संवाद नको असतो, गादी हवी असते.

मामांनी मात्र हा विषय आवडीनं घेतला होता. पहिल्या दिवशी वैष्णवी मॅडमनी फळ्यावर दोन गोल काढले, मध्ये बाण काढला आणि प्रेषक, संदेश, ग्राहक असं लिहिलं. मामांचा हात वर.

"मॅडम, अँटेना कवा शिकवणार? ओव्हर."

"कसली अँटेना?"

"वायरलेसची. कम्युनिकेशनच हाय न्हवं ह्ये?"

वर्ग खो खो हसला. मॅडम पुण्याहून यायच्या, वयानं मामांच्या नातीएवढ्या. त्यांनी न हसता समजावलं, की इथे यंत्रं नाहीत. इथे माणसं एकमेकांशी कशी बोलतात, वर्तमानपत्र, रेडिओ, जाहिरात, हे शिकायचं.

"म्हंजी नुसतं बोलायचं?"

"आणि ऐकायचं. शेवटच्या सत्रात श्रवणावर आख्खा पेपर आहे, मामा."

मामा खाली बसले. मला वाटलं, पुढच्या रविवारी बाक मोकळा मिळेल, पाय पसरता येतील. पुढच्या रविवारी मामा डबा घेऊन हजर.

डबा मामींचा असायचा, हमीदामामींचा. मी त्यांना बाजारात दोनतीनदा भेटले होते. बाई बोलायला लागली की भाजीवाली भाव विसरायची. पण मामा शेजारी असले की त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा. "पिशवी घेतली का, ओव्हर?" "व्हय." "तिखट संपलंय का, ओव्हर?" "व्हय." मी म्हटलं, गुणी बाई आहे, शक्ती जपून वापरते.

तर श्रवणाचा पेपर. त्यात एक प्रकल्प होता. कोणाही एका माणसाला बोलतं करायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, आणि विद्यार्थ्याचा आवाज त्यात कमीत कमी हवा. मी आमच्या मदतनीस बाईला बसवलं, एक प्रश्न विचारला आणि पोरांची खिचडी ढवळत बसले. झाला प्रकल्प. मामांनी चहावाल्याला धरलं. मॅडमनी ते वर्गात लावलं. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये चहावाला एकदाच बोलला होता, "साखर?" दुसऱ्या खेपेला मामा न्हाव्याकडे गेले. न्हावी बोलका निघाला, पण मामा दर वाक्याला "रिपीट करा" म्हणत होते. शेवटी न्हाव्यानं चिडून मशीन चालू केलं, ते अखेरपर्यंत बंद केलं नाही.

आज मॅडमनी शेवटचं सांगितलं. "मामा, उद्या दुपारपर्यंत फोनवर पाठवा. नाहीतर ह्या पेपरात नापास, वर्ष वाया."

वर्ग सुटला तसे मामा माझ्यामागे आले. "ताई, घरी चला. तुमच्यासमोर हमीदाचं करतो."

"माझी एस.टी. आहे मामा. घरी पीठसुद्धा मळलेलं नाही."

"पुढच्या एस.टी.त मी सोता बसवून देतो. ओव्हर." आणि मग, माझं उत्तर यायच्या आत, जरा हळू, "मी ह्यो पेपर हाय म्हणूनच थांबलो इथं, ताई. न्हाईतर पैल्याच दिवशी जानार व्हतो."

म्हटलं, चला. गेले.

मामी घरात मेथी घेऊन बसल्या होत्या. मामांनी त्यांच्यापुढे सूप पालथं घातलं, त्यावर फोन ठेवला, घसा साफ केला. "हमीदा. आपल्या जीवनाविषयी बोल. ओव्हर."

"काय बोलू?"

"कायबी. लहानपणापासून घे. पैलं माहेर, मग बदल्या, मग..."

"व्हय."

"सोपं हाय. कसं, की मी तिकडं असताना तू इकडं..."

"व्हय."

पीठ आणि एस.टी. दोन्ही डोळ्यांपुढे होती. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बाहेर रस्त्याकडेच्या कट्ट्यावर जाऊन बसा. आणि काही झालं तरी आत बोलायचं नाही. मामी, आणा इकडं मेथी, मीपण निवडते."

मामा गेले. दार उघडंच होतं, पाठ दिसत होती.

मामी आधी मेथीबद्दलच बोलल्या. ही केंदूरच्या बहिणीकडून आली, तिकडं बाजाराच्यासारखं पाणी मारत नाहीत. तिथून बहिणीच्या सुनेवर आल्या. सुनेवरून स्वतःच्या सासूवर. मग बदल्या, ट्रंका, गळणारी क्वार्टर. मी नुसतं "हं" म्हणत होते.

"थोरली झाली तवा मी शिरूरला माहेरी व्हते," त्या म्हणाल्या. "ह्ये तिकडं लांब, जंगलात. माझा भाऊ ठाण्यात गेला, साहेबाच्या पाया पडला, म्हणला, येवढा निरोप वायरलेसवर टाका. टाकला. आन् तिकडं कानाला लावून कोण बसलेलं? ह्येच! भाऊ पळत आला. मी म्हणलं, काय म्हणले? म्हणला, 'रॉजर.'"

"रॉजर?"

"मला काय ठावं! नर्सबाईला इचारलं, रॉजर म्हंजी काय वं? ती म्हणली, पोराचं नाव सुचवलं असंल. म्हणलं, अगं पोरगी झालीया!"

मी एवढ्या जोरात हसले की फोन सुपावरून घसरला. मामीही हसल्या. पदरानं डोळे पुसून परत देठ खुडायला लागल्या.

"तवाबी हसले. पण मी रोज वाट बघायचे, बाई. मागनं कळलं, रॉजर म्हंजी निरोप पोचला, येवढंच. म्हणलं, त्येच्या पुढं कायतरी येईल. मनी आर्डर आली, पण शब्द न्हाई आला. पोरगी बसायला लागली तवा ह्ये आले, आन् उंबऱ्यापासून जे बोलाय लागले ते आजपातुर. मलाबी सांगायचं व्हतं किती. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे. तुमचं रॉजर, तर माझं व्हय."

बाहेरची पाठ हलली नाही.

मामींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज जरा चढवला. "झालं माझं. ओव्हर."

मी मामांना ओळखते. ओव्हरनंतर त्यांना श्वास घेण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. आज ते उठले, उंबऱ्याशी आले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली बसले, एक जुडी ओढली आणि पानं टाकून देठं ठेवायला लागले. मामींनी ते पाहिलं आणि दुसरी जुडी त्यांच्याकडे सरकवली. मी फोन बंद केला.

निघताना म्हटलं, "मामा, तुमचा आवाज कुठेच नाही. माझं हसणं आहे तेवढं. असंच पाठवून द्या, मॅडम घेतील."

"न्हाई पाठवायचं."

"अहो, वर्ष जाईल!"

"जाऊ द्या. तवा शेजारी साहेब बसलेला, ताई. लाईनवर घरचं बोलायची बंदी व्हती." ते फोनकडे बघत होते. "आता घरचं लाईनवर कशाला टाकायचं?"

म्हणजे ह्यासाठी मी एस.टी. चुकवली. मनात पुष्कळ आलं, पण मामींनी उरलेली मेथी पिशवीत कोंबली आणि मामा मला स्टँडवर सोडायला आले. वाटभर एक शब्द बोलले नाहीत. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सोमवार. सकाळी भाकरी थापायला घेतली आणि मामांच्या नंबरावरून फोन आला. मी म्हटलं, चला, अक्कल आली, पाठवायचं कसं ते विचारतायत. तर मामी.

"बाई, काल धाकट्याच्या टायमाचं सांगायचं ऱ्हायलंच बघा."

"मामा कुठायत?"

"हे काय, हितंच. मेथीची भाजी खात्यात. देठं लागत्यात निबर, पण चावत्यात गप. तर काय झालं, धाकट्याच्या टायमाला..."

माझे हात पिठाचे. फोन स्पीकरवर टाकून भिंतीला टेकवला. भाकऱ्या झाल्या, डबा भरला, साडी बदलली. धाकटा अजून झाला नव्हता. अंगणवाडीची वेळ झाली तशी मी घराला कुलूप लावलं आणि फोन कानाला धरून चालायला लागले. मामींनी अजून ओव्हर म्हटलं नव्हतं.